टिचकी

हजारभर पानांची फाईल उघडली की ती पहिल्याच पानावर उघडते, आणि काल आपण कुठे होतो याचा तिला पत्ता नसतो. मग माणूस माउसचं चाक फिरवत बसतो, पानं सर्रकन खाली पळतात आणि चहा गार होतो. यावर उपाय सोपा आहे. शिफ्टचं बटण धरून ठेवायचं आणि वरच्या ओळीतलं एफ-पाच दाबायचं. आपण सगळ्यात अलीकडे जिथे काही बदललं असेल, तिथे कर्सर उडी मारून जातो. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, पण ही युक्ती मला निवृत्त झाल्यावर थोरल्या बहिणीने शिकवली. ती डॉक्टर, मी मुद्रितशोधक, दोघी एकट्या, म्हणून एकत्र.

युक्तीत एक खोच आहे. यंत्र बदल लक्षात ठेवतं, वाचन नाही. तुम्ही चार प्रकरणं नुसती वाचून उठलात, तर दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला चार प्रकरणं मागे नेऊन सोडतं. म्हणून ताई उठण्यापूर्वी जिथे असेल तिथे एक रिकामी जागा टाकायची आणि लगेच पुसायची. मजकूर होता तसाच, पण यंत्राच्या लेखी बदल झालेला. याला आमच्या घरात ‘टिचकी मारणं’ म्हणत. जेवायला हाक मारली की आतून उत्तर यायचं, टिचकी मारते आणि येते.

ताई मोठ्या रुग्णालयातलं विषबाधा सल्ला केंद्र चालवायची. कुणाच्या पोराने फरशी पुसायचं औषध प्यायलं, कुणाच्या आजोबांनी चुकीच्या गोळ्या घेतल्या, की तिथला फोन वाजतो. फोनवरचा डॉक्टर पुस्तक उघडतो आणि काय करायचं ते सांगतो. ते पुस्तक ताईचं. तिने एकटीने उभं केलेलं आणि दर आवृत्तीला पुन्हा तपासलेलं. या वेळची आवृत्ती हातावेगळी व्हायला थोडंच उरलं होतं, आणि एका सकाळी ताई न्हाणीघरात पडली. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण ती आहे की नाही हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात.

ताई निवृत्त झाल्यावर तिच्या जागी आलेल्या साहेबांना मी पहिल्या दिवसापासून नवे साहेब म्हणते. ते फुलं घेऊन भेटायला आले, ताईच्या पायाशी उभे राहिले आणि माझ्याशी दिवाणखान्यात बोलले. महिनाअखेरीला मंडळाची बैठक होती. तोवर पूर्ण फाईल आली नाही तर ते आपल्या जवळच्या प्रतीवरून पुस्तक पुरं करणार होते. मुखपृष्ठावर त्यांचं नाव, ताईचं आभारात. ठळक अक्षरात, असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या कार्यालयाने सगळ्या तक्त्यांना रंगीत मथळे देऊन काम बरंच पुढे नेलं होतं म्हणे. तीच सजवलेली फाईल ताई पडण्यापूर्वी आमच्याकडेही आली होती, आणि ताई तिच्यावरच काम करत होती.

मला इतका राग आला की मी त्यांना चहा विचारला नाही. फाईल मी पुरी करीन असं सांगितलं. ते हसून म्हणाले, की मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही. मी म्हटलं, नाही, पण मला वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी टेबल लावून बसले. फाईल उघडली, दोन बटणं दाबली. कर्सर ताईने पडण्यापूर्वी सोडलेल्या जागी गेला. तिथून मी सुरुवात केली, दिवसभर काम केलं, संध्याकाळी टिचकी मारली, लॅपटॉप मिटला.

त्याच्या पुढच्या सकाळी कर्सर वेगळ्याच प्रकरणात होता. मी तिथे पाऊलही ठेवलं नव्हतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं म्हणून निघणार, तेवढ्यात सवयीने ओळ वाचली. मुलांचा डोस मोठ्यांच्या रकान्यात गेला होता. मी जुनी आवृत्ती काढून ताडून पाहिलं आणि दुरुस्त केलं. योगायोग, दुसरं काय.

तिसऱ्या सकाळी आणखी तिसरीकडे. तिथे एका विषावरच्या उताऱ्यासाठी दुसऱ्याच पानाचा हवाला दिला होता आणि ते पान रिकामं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मुद्रितशोधकाला ते परवडत नाही, तो छापलेल्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. मी पासवर्ड बदलला. इंटरनेटची तार काढली. लॅपटॉप कपाटात घातला आणि किल्ली गळ्यात अडकवली. सकाळी कपाट उघडून फाईल उघडली, तर कर्सर पुन्हा नव्या जागी, आणि तिथे पुन्हा चूक. मग आमच्या संगणकवाल्याला बोलावलं. कुठल्याही दुखण्यावर तो एकच औषध देतो म्हणून त्याला सगळे रिस्टार्ट म्हणतात. त्याने अर्धी सकाळ यंत्र तपासलं आणि कुणी शिरल्याची खूण नाही, मशीन ठणठणीत आहे असा निर्वाळा दिला. जाताना दारात थांबून मात्र त्याने विचारलं, की काकू, फाईल बदलल्याची शेवटची वेळ पहाटेची कशी दिसते? मग त्याने रिस्टार्ट करून बघायला सांगितलं.

ताईचं सगळं करायला एक बाई यायच्या, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. त्या मुद्दाम काही सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा केस विंचरताना मात्र म्हणाल्या, "या ताई सकाळी इतक्या दमलेल्या का असतात हो? रात्रपाळी करून आल्यासारख्या."

मी ताईकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

त्यानंतर मी पहिल्यापासून वाचायचं सोडून दिलं. कर्सर नेईल तिथे जायचं, चूक शोधायची, दुरुस्त करायची, मोठ्याने वाचून ताईला ऐकवायची. पूर्वी आम्ही तसंच करायचो, एक वाचणार आणि दुसरी कागदावर बोट ठेवून पाहणार. हळूहळू लक्षात आलं, की दुरुस्ती केली की दिवसभरात तो आणखी जागा दाखवतो. बटणं दाबावीत आणि पुढे जावं. काम असं काही धावायला लागलं की माझ्या अंगात पुन्हा तिशीतलं बळ आलं. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठा होता आनंद. ताई आहे. ती गेलेली नाही, ती इथेच आहे आणि कामावर आहे, हे मला एकटीला माहीत होतं.

मग कर्सर अडला.

घरातल्या सफाईच्या द्रव्यांवरच्या प्रकरणात, एका तक्त्याच्या माथ्यावर तो जाऊन बसला आणि हलेना. मी तक्ता ओळ न् ओळ वाचला, जुन्या आवृत्तीशी ताडला. सगळं बरोबर. पुढे गेले, दुसरीकडे काम केलं, टिचकी मारली. सकाळी तो पुन्हा तिथेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बैठक तोंडावर आली होती. मी ताईवर चिडले. तिच्या तोंडाशी वाकून म्हटलं, "इथे काही नाहीये गं. का छळतेस?"

तिने डोळे मिटून घेतले. मी परत येऊन बसले आणि रागारागाने तक्ता अगदी वरपासून मोठ्याने वाचला, मथळ्यासकट. आणि थांबले.

आमच्या धंद्यात नव्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात, की सगळ्यात मोठ्या अक्षरातली चूक कुणालाच दिसत नाही. आपण ओळी वाचतो, मथळा नुसता पाहतो. नव्या साहेबांच्या कार्यालयाने घातलेल्या दोन रंगीत पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. ‘हे करा’च्या जागी ‘हे करू नका’, आणि ‘हे करू नका’च्या जागी ‘हे करा’.

मथळे बदलून मी बटणं दाबली. कर्सर पुढे गेला.

बैठक दुपारी होती. लांब टेबल, एका टोकाला मंडळाचे अध्यक्ष, भिंतीवर पडदा, आणि केंद्रात फोन घेणारे झाडून सगळे डॉक्टर. मी फाईल पुरी झाल्याचं सांगितलं. नवे साहेब म्हणाले, की त्यांचीही प्रत तयार आहे, तज्ज्ञांनी तपासलेली आहे, आणि अशा कामात भावनेला जागा नसावी. काही माना डोलल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समजूत घालायची तयारी दिसत होती.

मी काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, आणि त्यातलं मला काहीच आठवेना. पडद्यावर साहेबांची फाईल होती, पहिल्या पानावर. लॅपटॉप त्यांचा. ताईने त्याला कधी हात लावलेला नव्हता, मीही नाही.

"शिफ्ट धरा आणि एफ-पाच दाबा," मी म्हटलं.

साहेब हसले. कालच त्यांनी उपसंहार बदलला होता, त्यामुळे कर्सर शेवटच्या पानावर जाईल असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग दाबलं.

पानं उडाली. पडदा थांबला.

सफाईची द्रव्यं. तक्त्याचा माथा.

"मी इथे कधी काही बदललं नाही," साहेब म्हणाले. आवाज वेगळा होता.

"वाचा," मी म्हटलं. "मथळ्यासकट."

त्यांनी वाचलं. आम्लयुक्त द्रव पोटात गेल्यास. हे करा.

उलटी करवणे.

त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याला उलटीबरोबर वर येताना आम्ल घसा दुसऱ्यांदा जाळतं हे ठाऊक नव्हतं. अगदी कडेला बसलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि माझी फाईल मागितली. तोच तक्ता उघडून त्यांनी पाहिला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि मुखपृष्ठावर कुणाचं नाव असेल ते एका वाक्यात सांगून टाकलं. मी टेबलाखाली मूठ आवळली होती. इतकं जिंकणं मला माहीतच नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी रस्त्यातून जवळजवळ पळत होते, या वयात, पिशवी सावरत.

ताईच्या खोलीत शिरले तर मावशी दारातच उभ्या होत्या आणि रडत होत्या. पलंगावरून ताईने माझ्याकडे पाहिलं. तोंड वाकडं, जीभ जड, पण शब्द स्पष्ट.

"झालं?" ती म्हणाली.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर ताईचं नाव, एकटीचं. ती आता काठी घेऊन घरभर फिरते, स्वयंपाकघरात लुडबुड करते, मला पूर्वीसारखी हुकूम सोडते. एकदा धीर करून मी तिला त्या दिवसांबद्दल विचारलं. ती काहीच आठवत नाही म्हणाली. फक्त फोन वाजत होता. सारखा वाजत होता, आणि उचलायला कुणी नव्हतं.

नव्या आवृत्तीच्या प्रती संपत आल्या तशी पुनर्मुद्रणासाठी छापखान्याने फाईल मागितली. पाठवण्यापूर्वी एका सकाळी मी ती उघडली आणि नुसती गंमत म्हणून बटणं दाबली. कर्सर अगदी शेवटी, ‘लेखिकेविषयी’ या पानावर गेला. छोटासा परिच्छेद आहे. मी जन्मसाल तपासलं, पदव्या, पदं, सगळं. या खेपेला मथळाही वाचला. सगळं बरोबर आहे. मग पाहिलं की कर्सर शेवटच्या वाक्याच्या आधी लुकलुकतोय. ‘त्या आपल्या धाकट्या बहिणीसोबत राहतात.’

मी दुसरीकडे जाऊन टिचकी मारली. सकाळी तो परत तिथेच.

छापखान्याला मी ते वाक्य आहे तसं पाठवलं. ताईला सांगितलेलं नाही. रोज न्याहारीनंतर फाईल उघडते, बटणं दाबते, आणि तो मला तिथेच नेतो. मी वाक्य मोठ्याने वाचते. आतून ताई विचारते, कुणाशी बोलतेस गं? मी म्हणते, कुणाशी नाही, तपासतेय. आजही तपासलं. आज ते बरोबर आहे.