सूचीतले टिपणीस

१९८८ साली श्यामकांत टिपणिसांच्या सेक्शनमध्ये कॉम्प्युटर आला. तो स्वतंत्र खोलीत, एसीत राहायचा, टिपणीस पंख्याखाली. साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "प्रोग्राम लिहायला शिकून जो टेस्ट पास होईल तो दिल्लीत राहील. बाकीच्यांची बदली." हेमलताबाईंची शाळेतली नोकरी दिल्लीतली. बदली म्हणजे दोन बिऱ्हाडं. टिपणिसांनी रविवारी सकाळीच दर्यागंजचा फूटपाथ गाठला.

पुस्तकांची रास होती. एकावर कार्टून होतं. पन्नाशीच्या माणसाला ते शोभेना. दुसरं इतकं जाड, की स्कूटर एका बाजूला कलली असती. तिसरं बेताचं, पिवळटलेलं. टिपणीस आधी मागची सूची बघत. सूची नीट, तर पुस्तक नीट, हा त्यांचा हिशेब.

'टी' अक्षराखाली इंग्रजीत छापलं होतं : 'टिपणीस, एस. चुका, ६१ ते ८८.'

"भाईसाहब, ये किताब किसकी थी?"

"अब तो आपकी है," दुकानदार म्हणाला. त्यानं ते कागदात गुंडाळलंसुद्धा होतं.

"दुसरा कुणी टिपणीस असेल," घरी हेमलताबाई म्हणाल्या. "पण अठ्ठावीस पानं चुका? बिल्कुल तुमच्याच घराण्यातला."

टिपणिसांनी वहीत पहिला प्रोग्राम लिहिला आणि बिचकतच एकसष्टावं पान उघडलं. तिथे तोच प्रोग्राम होता. चाळिसाव्या ओळीत अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं होतं. वहीतही राहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत टीप : 'हे वाचून टिपणीस शाई सांडतात.'

दचकून त्यांचा हात दौतीला लागला.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. टिपणीस चुकायचे, पुस्तक दाखवायचं. चौऱ्याहत्तराव्या पानावर तर चष्मा कपाळावर असल्याचंही छापलं होतं.

"अहो, देऊन टाका ते कुणाला तरी," हेमलताबाई म्हणाल्या.

"टेस्ट होऊ दे गं. असा मास्तर कुठे मिळायचा?"

अठ्ठ्याऐंशीवं पान संपलं, टेस्ट झाली, आणि टिपणीस पहिले आले. बदली टळली. त्या दुपारी ते बंगाली मार्केटमधून रसगुल्ले घेऊनच घरी आले. बूट न काढताच त्यांनी एक अख्खा तोंडात टाकला.

हेमलताबाई कौतुकानं पुस्तक चाळत होत्या. त्या सूचीपाशी थांबल्या.

"अहो, यात मीपण आहे. 'टिपणीस, एच. एकटी, ११९ पासून.'"

टिपणीस चावायचे थांबले. ती ओळ सकाळी नव्हती.

"एकटी कशी? बदली तर टळली ना?" हेमलताबाईंनी बोट खाली सरकवलं. "तुमच्या नावापुढेही काहीतरी नवीन आहे. 'रसगुल्ला, ११८.'"

त्या हसल्या.

टिपणिसांना काहीतरी बोलायचं होतं.

घशातल्या रसगुल्ल्यातून आवाज फुटेना.