ठेवीची फाक

समुद्राच्या तळाचा गाळ लांब नळीत भरून आमच्याकडे येतो. ती नळी आम्ही भेंडीसारखी उभी चिरतो. एक फाक कामाची. तिच्यातून चिमूटभर गाळ काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली इवल्या समुद्री जिवांची बारीक कवचं बघायची. दुसरी फाक ठेवीची. ती पारदर्शक वेष्टनात सील करून शीतखोलीत ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही. कवचं भरपूर असली की त्या काळी समुद्र खाऊनपिऊन सुखी होता, विरळ असली की उपाशी. ऊबही कळते, गारठाही कळतो.

अलीकडच्या थरांत कवचं कमी होत चालली होती. एरवी मी ते लिहून मोकळी व्हायची. पण चाळिशीत मला दिवस गेले, आणि बाळाच्या वाट्याला कसला समुद्र येणार या विचाराने जीव थोडा थोडा व्हायला लागला.

एका सकाळी शीतखोली सांभाळणारे काका म्हणाले, "ताई, ठेवीची फाक वाढलीय."

"दिवस मला गेलेत काका, आणि वाढतेय ती?"

काका हसले नाहीत.

आम्ही दोन्ही फाका शेजारी ठेवल्या. खालपासून आजच्या थरापर्यंत रेघ न् रेघ जुळत होती. ठेवीच्या फाकेवर मात्र त्याच्याही वर दोन बोटं गाळ होता. तिचं सील शाबूत होतं. त्या जागी एवढा गाळ साचायला हजारेक वर्षं लागतात. हा गाळ अजून पडायचा होता.

"वरून काही गळलं असेल," मी म्हटलं आणि वर बघितलं. छत कोरडं, स्वच्छ. माझ्या काळ्या बाहीवर मात्र पिठासारखं काहीतरी अलगद बसत होतं. बोटावर घेतलं तर ओलं लागलं. त्याला खोल पाण्याचा वास होता.

"बाहेर चला ताई," काका हळूच म्हणाले.

मी गेले नाही. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त हात जोडावेसे वाटत होते.

नियम मोडून, सील फोडून मी आजच्या थराच्या लगेच वरची सुतळीएवढी रेघ उचलली. एवढी जाडी म्हणजे पुढची ऐंशीएक वर्षं; ते माझ्या बाळाचं आयुष्य होतं.

धुऊन, बशीत घालून, भट्टीत वाळवून भिंगाखाली धरलं. नुसती माती. मला रडू कोसळलं.

"कडेला काय आहे ते?" काकांनी भिंगातून डोकावून विचारलं.

एक कवच होतं. एकच. काचेसारखं आरपार, चार गोल खोल्यांचं. असं कवच मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी बघत असतानाच शेवटच्या खोलीला लागून एक बुडबुडा फुगला. गोल झाला. हळूहळू पांढरा पडून घट्ट झाला.

पाचवी खोली.

"जिवंत आहे?" काकांनी विचारलं.

मी बशीला हात लावला. भट्टीतून काढलेली ती बशी अजून चटका देत होती.