पाचवा नमुना

पहिल्यांदा तो आला तेव्हा त्याची काठी सरळ तिच्या स्टुलावर आपटली, आणि डोळ्याला भिंग लावून ठसा कोरत बसलेल्या तिच्या हातून छिन्नीच निसटली.

"माफ करा… साहेबांची खोली हीच ना?"

"साहेब पलीकडे बसतात. इथे फक्त मी – आणि तुम्ही पाय दिलाय ती माझी ओढणी."

तो इतका ओशाळला, की तिलाच हसू फुटलं.

टांकसाळीत सगळे तिला 'भिंग' म्हणत. अंधांना वाचता यावं म्हणून ठिपक्यांची लिपी शोधणाऱ्या माणसाच्या स्मरणार्थ नाणं निघणार होतं आणि त्याचा ठसा तिने कोरायचा होता. तिचं पहिलं स्वतंत्र काम! एका बाजूला त्या शोधकाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याच्याच ठिपक्यांत त्याचं नाव. ते बोटाने वाचून बघायला अंधांच्या छापखान्यातून मुद्रितं तपासणारा हा तरुण आला होता.

तिने ठिपके असे नाजूक बसवले होते, की साहेबांनी तोंडभर कौतुक केलं होतं. त्याने मात्र बोट फिरवलं आणि म्हणाला, "डोळ्यांना सुरेख असेल हो. बोटाला नुसती खरखर लागते."

तिला राग आला. पण मग त्याने पिशवीतून पुस्तक काढलं, तिचं बोट अलगद धरून पानावर टेकवलं – "दोन ठिपक्यांत एवढी जागा… एवढी उंची… कळतंय?" कळत होतं. ठिपक्यांपेक्षा त्याच्या बोटांची ऊबच जास्त कळत होती.

मग दर मंगळवारी नवा नमुना, आणि नमुन्यामागून चहा.

"अगं, त्याला दिसत नाही म्हणतेस," वहिनी एकदा डोळे मिचकावत म्हणाली, "मग मंगळवारची ही इस्त्री कुणासाठी?"

चौथ्या नमुन्यात एकच ठिपका बसका निघाला. "पुढच्या वेळी नक्की जमणार," तो हसत म्हणाला, "मग सुटलात तुम्ही माझ्या तावडीतून!" तिला काही हसता आलं नाही.

शुक्रवारी पाचवा नमुना तयार झाला. डोळे मिटून तिने बोट फिरवलं… एकेक ठिपका सुटा, ठसठशीत. आनंदाने नाचायचं सोडून तिच्या मनात आलं – म्हणजे आता मंगळवार संपले. आणि मंगळवारी तिने नको ते केलं. नवं नाणं एप्रनच्या खिशात ठेवलं आणि तबकात चौथंच मांडलं. एकच आठवडा अजून… कुणाचं काय बिघडणार होतं?

त्याने नाणं उचललं आणि नेमके तेव्हाच साहेब आत आले. "वरून निरोप आहे. आज वाचता आलं तर ठीक, नाहीतर ठिपके काढून टाकायचे. नाव साध्या अक्षरांत टाकू. उद्यापासून नाणी पाडायची आहेत."

तिचा हात एप्रनच्या खिशावर गेला.

त्याचं बोट त्या बसक्या ठिपक्यापाशी थांबलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा थांबलं. त्याने तिच्या दिशेने मान वळवली. ओळखलं होतं त्याने! 'खोटं बोला… माझ्यासाठी,' ती मनातल्या मनात विनवत राहिली.

"वाचता येत नाही," तो हळूच म्हणाला.

साहेबांनी सुस्कारा सोडून कागदावर लाल पेन्सिल टेकवली.

"थांबा!" तिने खिशातलं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "खरा नमुना हा. शुक्रवारीच झालाय."

"मग हा जुना कशाला मांडलास?" साहेबांनी विचारलं.

चुकून, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या लिपीशी तिने खेळ केला होता, आणि तो समोर नाणं मुठीत धरून उभा होता.

"नवा मांडला असता तर… हे परत आले नसते." तिचे कान तापले. "साहेब, मला हे आवडतात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठिपके राहणार की जाणार, तेवढं आधी सांगा रे कुणीतरी!"

त्याने सावकाश नाव वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. "राहणार."

"तुझी खरडपट्टी उद्या काढतो," असं म्हणून साहेब नाणं घेऊन गेले. ती त्याच्याजवळ सरकली.

"रागावलात?"

"हो. ठिपके गेले असते तर मी तुमच्याशी जन्मात बोललो नसतो." तो काठीशी चाळा करत राहिला. "पण… नमुने तपासणारे आम्ही तिघंजण आहोत. पहिल्या मंगळवारनंतर माझी पाळी नव्हतीच. दर वेळी दुसऱ्यांची मागून घेतली मी."

त्याने काठी सावरली.

"पुढच्या मंगळवारी येऊ? तपासायला काही नाही… तरी?"

तिने मान डोलावली. डोळे भरून आले, तिने पुन्हा जोरजोराने हलवली. तो मात्र तसाच उभा, चेहरा हळूहळू उतरत चाललेला… आणि मग तिच्या लक्षात आलं.

"या," ती घाईघाईने म्हणाली. "अहो – या ना!"