दोन सह्यांचा नियम

“जरा हे टोक धरता?”

त्याचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार-चमत्कार काही नाही. नगरपालिकेच्या वाचनालयाच्या दारात एक उंच माणूस उभा, नाकापर्यंत निळा मास्क, हातात मोजमापाची टेप आणि तिचं टोक माझ्यापुढे केलेलं. मी तिथली ग्रंथपाल. नऊ वर्षं त्या हॉलवर माझं राज्य होतं, शिंक आली तरी लोक बाहेर जाऊन शिंकत. आणि हा मला सरळ कामाला लावत होता.

मी टोक धरलं. का धरलं, ते आजही सांगता येणार नाही... डोळे बरे होते त्याचे, एवढंच.

“बेचाळीस फूट,” तो पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाला. “मस्त. आठ टेबलं बसतील.”

“कसली टेबलं?”

“टेलिफोनची. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

साथ गावात शिरून चारच दिवस झाले होते आणि नगरपालिकेत कुणाला कुणाशी धड बोलायला उसंत नव्हती. त्याच्याकडूनच मला कळलं की वाचनालय आजपासून बंद, इथे मदत केंद्र, आणि घरात अडकलेल्या आजारी माणसांना रोज सकाळी फोन करायचं काम माझ्याकडे.

“आणि माझी पुस्तकं?”

“कपाटं हलवायची नाहीत. मी भिंतीपासून तीन फूट सोडलेत.”

“वाचता वाटतं तुम्ही?”

“नकाशे वाचतो. पुस्तकांपर्यंत काही पोचलो नाही.”

तो वरच्या मजल्यावर, नगररचना विभागात होता. उंची आणि हातातली ती टेप, यामुळे सगळं ऑफिस त्याला फूटपट्टी म्हणायचं. मीही मनात तेच म्हणू लागले.

संध्याकाळी मी अध्यक्षाबाईंना गाठलं. निवडून येण्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं होतं. आता त्याच मशीनवर मास्क शिवत शिवत त्या बैठका घेत होत्या. मी विचारलं, “वाचनालय पुन्हा उघडेल ना?”

“साथ जाऊ दे पोरी, मग बघू.”

नऊ वर्षांच्या नोकरीत “मग बघू” म्हणजे काय ते मला पुरतं कळलं होतं.

पण कामाने विचार करायला फुरसत दिली नाही. रोज नवी घरं, नवी नावं. कॉम्प्युटर आमचा सदा आजारी. मग मी मला येतं तेच केलं. प्रत्येक घरासाठी एक कार्ड केलं, अगदी पुस्तकाला असतं तसं. त्यावर घरातच राहायच्या मुदतीच्या तारखेचा शिक्का. मुदत चालू असलेली कार्डं डावीकडच्या खणात, मुदत संपून मोकळी झालेली उजवीकडच्या ‘जमा’च्या खणात. फूटपट्टीने वर गावाचा भिंतभर नकाशा लावला होता. माझ्या डाव्या खणातल्या प्रत्येक घराला त्याची एक लाल टाचणी. कार्ड ‘जमा’त गेलं की टाचणी निघायची. त्या टाचण्या बघून पाण्याचा टँकर, औषधं, जेवणाचे डबे कोणत्या रस्त्याने जायचे ते ठरायचं.

खरं सांगते, त्या दिवसांत मी आमच्या नगरपालिकेच्या प्रेमात पडले होते. एरवी साध्या दाखल्यासाठी लोकांना चार खेपा घालायला लावणारी माणसं ही! पाणीवाले काका सकाळी व्हॉल्व्ह फिरवून आले की टोपी काढून फोनवर बसायचे. झाडूवाल्या मावशींना कोणत्या घरातून दोन दिवस कचरा आला नाही हे तोंडपाठ असायचं, आणि तिथे काहीतरी बिनसलंय हे त्या डॉक्टरांच्याही आधी सांगायच्या. आणि फूटपट्टी... तो बाजाराच्या मैदानात भर उन्हात ओणवा होऊन सहा-सहा फुटांवर चुन्याची वर्तुळं आखायचा. संध्याकाळपर्यंत चपलांनी पुसली जायची. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा ओणवा.

“कंटाळा नाही येत?” मी इंटरकॉमवर विचारलं होतं.

“पुसली गेली म्हणजे कुणीतरी त्यात उभं राहिलं ना?” तो म्हणाला.

फोन ठेवून मी ते वाक्य एका कोऱ्या कार्डाच्या मागे लिहून ठेवलं.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. वाचनालयात पुस्तकाची मुदत वाढवून द्यायची असली, तर आधी ते जमा करून घ्यायचं आणि मग नवा शिक्का मारून पुन्हा द्यायचं, असा आमचा नियम. गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहायच्या. त्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणतं. त्यांचा खोकला थांबेना म्हणून डॉक्टरांनी त्यांची मुदत सात दिवस वाढवली. मी सवयीने त्यांचं कार्ड आधी ‘जमा’त टाकलं, शिक्का उचलला... आणि फोन वाजला. पलीकडे कुणीतरी रडत होतं. त्यांचं ऐकता ऐकता कार्ड राहिलं ते ‘जमा’तच.

दोन दिवस मोठ्या बाईंना ना फोन गेला, ना डबा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो धापा टाकत माझ्या दारात आला. सायकलवरून जाताना त्याने बाईंच्या फाटकावरचा साथीच्या मुदतीचा पिवळा कागद पाहिला होता. त्यावर डॉक्टरांच्या हातची नवी तारीख होती, आणि नकाशावरची टाचणी तर निघालेली.

“बाई बऱ्या आहेत,” त्याने आधी हे सांगितलं. मग बाकीचं.

“मी... माझ्यामुळे...”

“बिस्किटांवर दिवस काढले त्यांनी. आत्ता डबा देऊन आलो. आणि टाचणी मी काढली होती, एकदाही न विचारता. तेव्हा चूक निम्मी माझी.”

“निम्मी कशी? कार्ड माझं होतं.”

“बरं, मग पाव तरी माझी ठेवा.”

रडता रडता हसू आलं मला. तो मात्र हसत नव्हता. टेप जमिनीवर सोडून तो तिच्या सहा फुटांच्या खुणेपलीकडे उभा होता, आणि त्याला पुढे यायचं होतं हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी स्वतःच अध्यक्षाबाईंपुढे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शिवणाचं मशीन थांबवलं. “टाका चुकला की उसवायचा आणि पुन्हा घालायचा. रडून कापड खराब करू नकोस,” त्या म्हणाल्या. “आजपासून ‘जमा’त जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर दोघांच्या सह्या. तुझी आणि फूटपट्टीची. रोज पाच वाजता, समोरासमोर बसून.”

शिक्षा म्हणतात ती अशी असावी!

मोठ्या बाईंनी वेगळी शिक्षा केली. “दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. आता रोज मला एक प्रकरण वाचून दाखवायचं. स्पष्ट आवाजात,” त्या फोनवर कडाडल्या. मी वाचू लागले. आठवड्याभरात शेजारच्या आजोबांनाही ऐकायचं होतं, मग त्यांच्या बहिणीला. महिन्याभरात चाळीस जण झाले. फोन जोडून जोडून आम्ही थकलो, पण वाचन थांबलं नाही. पाणीवाले काका रहस्यकथा वाचायचे, खुन्याचा आवाज वेगळा आणि पोलिसाचा वेगळा काढून. झाडूवाल्या मावशींना वाचता येत नव्हतं, त्या म्हणाल्या मी ऐकते तरी, आणि रोज पहिल्या खुर्चीत येऊन बसायच्या.

पाच वाजता तो यायचा. मोठं टेबल, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. कार्ड मी सरकवायची, तो घराचा नंबर वाचायचा, सही करायचा, परत सरकवायचा.

“तुमची सही फार गिचमिड आहे,” मी एकदा म्हटलं.

“तुमच्याकडे बघत केली की तशी होते.”

“मग कार्डाकडे बघा!”

“कार्ड उद्याही दिसेल.”

“मी काय उद्या दिसणार नाही?”

“तेच तर...” तो म्हणाला आणि त्याने पुढचं कार्ड ओढून घेतलं. त्या आठवड्यात ऑफिसातले दोघे जण दवाखान्यात होते. उद्याचं कुणीच काही बोलत नव्हतं.

ते दोघे बरे होऊन परतले त्या दिवशी त्याने माझ्यापुढे एक अर्ज सरकवला. वाचनालयाच्या सभासदत्वाचा. “वाचनालय बंद आहे,” मी म्हटलं.

“ग्रंथपाल तर चालू आहेत ना?”

मी त्याला वाचक क्रमांक दिला. चार हजार सोळा. गाल तापले होते माझे. मास्क असण्याचा तेव्हा पहिल्यांदा फायदा झाला.

हळूहळू डावा खण रिकामा होत गेला. साथ ओसरली. नगरपालिकेने गाव पुन्हा उभं करण्याचा आराखडा करायला घेतला. बाजार कुठे भरवायचा, दवाखान्याला जागा किती वाढवायची, रोजगार गेलेल्यांना कोणती कामं द्यायची. त्याचा नकाशा सोमवारी सूचना फलकावर लागला. मी आमची इमारत शोधली. माझ्या हॉलवर सुबक अक्षरात लिहिलं होतं : नागरी सुविधा केंद्र. पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात. अक्षर त्याचं होतं.

पाच वाजता तो आला तेव्हा मी पेन टेबलावर आपटलं.

“हे तुम्ही काढलंत?”

“मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं तसं काढलं. लोकांना एका जागी सगळे दाखले मिळावेत, हेही काही वाईट नाही.”

“माझं वाचनालय गोदामात टाकून?”

खिशातून एक कागद काढून त्याने सरकवला. हरकतींचा अर्ज. “पंधरा दिवस आहेत.”

“तुमच्याच नकाशाविरुद्ध?”

“माझ्याच. आणि नीट लिहा. मोघम लिहिलंत तर टिकणार नाही.”

एवढं बोलून गेला. मी इतकी चिडले होते की त्या दिवशी एकाही कार्डावर सही केली नाही. आपण ज्याला जीव लावला तो साधं ‘नाही’ म्हणू शकला नाही, हेच मला खात होतं. पण अर्ज मात्र मी लिहिला. मोठ्या बाईंनीही लिहिला, आणि फोनवर ऐकणाऱ्या चाळीस जणांनी आपापल्या घरच्यांकडून लिहून घेतला.

सुनावणी माझ्याच हॉलमध्ये झाली. खुर्च्या सहा फुटांवर. अध्यक्षाबाईंनी गठ्ठा उघडला. “एकशे बारा हरकती, आणि बहुतेक वाचनालयाच्या. पहिलीच वाचते. नकाशा लागला त्याच सकाळी आलेली.” त्यांनी कागद वर धरला आणि भुवया उंचावल्या. “अर्जदार, वाचक क्रमांक चार हजार सोळा.”

मी मान वळवली. तो मागच्या भिंतीशी उभा होता, आणखीच उंच आणि कावराबावरा.

मुख्याधिकारी ताडकन म्हणाले, “नकाशा काढणारा तू आणि हरकत घेणाराही तूच?”

“नकाशा नोकरी म्हणून काढला, साहेब. हरकत वाचक म्हणून घेतली. आत आकृती आहे. हॉल बेचाळीस फूट आहे. अठरा फुटांत दाखल्यांच्या खिडक्या आणि मदतीचे फोन बसतात. उरलेल्या चोवीस फुटांत वाचनालय राहतं. मी स्वतः मोजलंय.” मग हळूच, “दुसरं टोक ग्रंथपालांनी धरलं होतं.”

हॉल खदखदून हसला. मोठ्या बाई पहिल्या रांगेतून काठी आपटून म्हणाल्या, “मंजूर करा गं! मुलाचं गणित बरोबर आहे.” अध्यक्षाबाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. त्यांची काय बिशाद! मुख्याधिकाऱ्यांनी आकृती दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली आणि मान हलवली.

सगळे गेल्यावर मी ती आकृती हातात घेतली. कपाटं जिथल्या तिथे, वाचकांच्या खुर्च्या मोजून सहा-सहा फुटांवर. फक्त खिडकीखालच्या दोन खुर्च्या एकमेकींना चिकटून काढलेल्या.

“इथे अंतर चुकलंय तुमचं,” मी म्हटलं.

“तिथे मी टेप लावलीच नाही.” तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाशी उभा होता. “त्या दिवशी सांगायला हवं होतं, अर्ज आधीच दिलाय म्हणून. पण तुम्ही माझ्या भरवशावर बसू नये, स्वतः लढावं असं वाटलं. आणि... एक खुर्ची माझी आहे. दुसरी कुणाची, ते मी एकट्याने ठरवू शकत नाही.”

त्याने पेन काढलं, आकृतीच्या कोपऱ्यात गिचमिड सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“नियम तुम्हाला माहीत आहे,” तो म्हणाला. “एका सहीवर काहीच पुढे जात नाही.”

मी कागद नीट वाचला, कारण मी ग्रंथपाल आहे आणि न वाचता सही करत नाही. मग टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले आणि तिथे उभी राहून सही केली.