राखीव तीन मिनिटं

हे मला जसं आठवतं तसंच घडलं, याची हमी मी देणार नाही. पंच्याहत्तरी जवळ आली आहे. अमरावतीच्या कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आणि त्यातून एवढंच हाती लागलं की माणसाच्या आठवणीइतकी बेभरवशाची नोंद दुसरी नसते. तरी सांगतो. कुठे चुकलो तर ते माझं वय समजा.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझी भाची पायल हिचं लग्न होतं. दर्यापूर रस्त्यावरचं लॉन, संध्याकाळी पाचची वेळ. घरच्यांच्या फोटोंचं वेळापत्रक मी करतो, असं मी आपणहून म्हणालो. सगळे हसले.

"मामा, परीक्षेचं टाइमटेबल बनवून राहिले का?" पायल म्हणाली.

तिची आई ललिता, माझी धाकटी बहीण, हसली नाही.

ललिताचं लग्न १९८५ साली अकोल्यात झालं. व्यवस्था माझ्याकडे होती. छत्तीस फोटोंचा एकच रोल. मी प्राचार्यांना, साहेबांना, दूरच्या पाहुण्यांना पुढे घालत गेलो. आमची माय, पार्बताबाई, कोरं लुगडं नेसून दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "पाच मिनिटं थांब, माय." तिसऱ्यांदा आली तेव्हा रोल संपला होता आणि ललिता गाडीत जाऊन बसली होती. माय लोखंडी खुर्चीवर बसली, शेजारी मुलीसाठी जागा सोडून. मी फोटोग्राफरच्या कानाशी लागलो. "नुसतंच बटन दाबा. तिचं मन राखायला." त्या काळी असं करत. त्यांनी दाबलं. माय समाधानानं उठली.

त्यानंतर तेराव्या दिवशी ती गेली. तोवर रोज विचारायची, "फोटो आला का रे बापू?"

तिचा दुसरा एकही फोटो नव्हता. फोटो नसला की चेहराही जातो, हे कोणी आधी सांगत नाही. काही वर्षांत मला तिचं नाक आठवेना, मग डोळे. ललिता एवढंच म्हणायची, "माहा आन् मायचा एक फोटो काढाले तुले येळ भेटला नाही, दादा." त्या खोट्या बटनाबद्दल मी तिला कधीच सांगितलं नाही.

आता ललिताचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. लग्नाआधी तिनं मला जवळ बसवून सांगितलं, "पायलीसंगं माहा एक फोटो पाह्यजे. चांगल्या उजेडातला. मंग काही होवो."

म्हणून ते वेळापत्रक. चार वाजून पाच मिनिटांनी सुरुवात. बारा गट, प्रत्येकी तीन मिनिटं. चार एक्केचाळीसला शेवट. पुढची तीन मिनिटं राखीव, कोणाच्याच नावावर नसलेली. पहिल्याच गटात पहिलं नाव ललिताचं. पायलला मी एक चौकोनी तबकडीचं मनगटी घड्याळ घेऊन दिलं होतं. पांढऱ्या साडीवर नवरीनं घड्याळ घातलेलं पाहून नवरदेवाच्या, म्हणजे तिवस्याच्या धर्मेंद्रच्या, बहिणी खिदळल्या. "वहिनीले ड्युटीवर जाचं हाये काय?" पण पायलनं ते काढलं नाही.

फोटोग्राफर नियाज अकोल्याचा. ललिताच्या लग्नातले फोटो त्याच्याच अब्बांनी काढले होते. त्यालाच का बोलावलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चारला ललिताला घेरी आली. ती आतल्या खोलीत आडवी झाली. "बाकीच्याइचं उरका," ती म्हणाली, "मी उठतोच." राखीव तीन मिनिटं आता तिची होती. मी हातातला कागद घट्ट धरून गटामागून गट पुढे ढकलत राहिलो. बारावा गट संपला तेव्हा चार एक्केचाळीस झाले होते. बरोबर. मला बरं वाटलं, असं आठवतं.

"ललिताला आणा," मी कोणाला तरी सांगितलं आणि वळून पाहिलं, तर खुर्चीवर एक म्हातारी येऊन बसली होती.

लाल मखमली, उंच पाठीची ती भाड्याची खुर्ची. म्हातारी तिच्या अगदी कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीवर घेऊन, समोर पाहत. जनरेटरचा आवाज थांबला असावा, किंवा मलाच ऐकू येईनासा झाला. ऊन तसंच होतं, पण पाहुण्यांची गडबड लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटत होती. आणि खळीचा वास येत होता, कोऱ्या कापडाच्या खळीचा.

मला ती ओळखीची वाटली नाही. नवरदेवाकडची असणार. लग्नात अनोळखी माणूस नेहमी पलीकडचाच असतो, आणि पलीकडच्या माणसाला खुर्चीवरून उठा म्हणता येत नाही. मी जवळ गेलो. तोंडातून जे निघालं ते माझ्या सवयीचंच होतं.

"बाई... पाच मिनिटं थांबता का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"थांबलीच तं हाओ, बापू..."

त्या वयाच्या बाया कोणालाही बापू म्हणतात. मी स्वतःला तेच समजावलं. पण पाय मागे गेले. मागे नियाजचा आवाज आला, "ताई, आजीच्या खांद्यावर हात ठेवा. हां. आजी, इकडं पाहा." पायलनं हात ठेवला. मी मान खाली घालून हातातल्या कागदाकडे पाहत राहिलो. का, ते माहीत नाही. वर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि ललिता भिंत धरत धरत येत होती.

चार चव्वेचाळीस. लग्न लावणारे भंतेजी मंचावर येऊन बसलेले. "होऊ द्या त्या माउलीचा फोटो," ते शांतपणे म्हणाले. झाला. ललिता-पायलचा तो फोटो चांगलाच आला. तो ललिताच्या खाटेसमोर लावला आहे.

त्याच्या आधीचा फोटो मी चार दिवसांनी पाहिला. लाल खुर्ची रिकामी. शेजारी पायल हसते आहे आणि तिचा हात खुर्चीच्या कडेला हवेत थांबला आहे, बोटं किंचित वाकलेली.

"सर, मी आजीच्या डोयावर फोकस केला होता," नियाज फोनवर म्हणाला. "खुर्चीवर कोन फोकस करते?"

धर्मेंद्रच्या घरच्यांना विचारलं. "आमाले वाटलं तुमच्याकडची हाये."

पायल म्हणाली, "मामा, लई कोरं लुगडं होतं त्या आजीचं. हाताले खळ लागली होती."

मी विषय बंद केला. तिघांचाही गोंधळ झाला असेल. माझा तर नक्कीच. असं मी पाच वर्षं म्हणत होतो.

२०२३ मध्ये नियाजनं अब्बांचा अकोल्याचा स्टुडिओ बंद केला. जुन्या निगेटिव्हच्या ढिगात आमच्या आडनावाचं पाकीट निघालं. त्यानं मला बोलावून घेतलं. "छत्तीसच्या रोलमधी कधी कधी थोडी फिल्म उरते, सर. अब्बांनी छत्तीसच छापले, शेवटची पट्टी पाह्यलीच नसन."

सदतिसावा फोटो. खोटं बटन खोटं नव्हतं.

लोखंडी खुर्चीच्या कडेला माय बसली आहे, दोन्ही हात मांडीवर घेऊन. चेहरा मी लगेच ओळखला. लॉनवर पाहिला होता. फोटोची उजवी बाजू उजेड शिरून पांढरी पडली आहे, आणि त्या पांढऱ्यातून एक हात बाहेर येऊन मायच्या खांद्यावर टेकला आहे.

ललिताला मी तो फोटो मोठा करून दिला. तिनं तो मांडीवर ठेवून त्या हातावर बोट टेकवलं. मग विचारलं, "दादा... हा हात माहाच हाये ना? मले कावून आठवत नाही?"

"तुझाच," मी म्हणालो.

स्वतःच्या लग्नात ललिताच्या हातात घड्याळ नव्हतं. मी फोटोतल्या हाताचं मनगट भिंगाखाली पाहिलं, मग नियाजला पाहायला लावलं, आणि आम्हा दोघांचे आकडे जुळले. चौकोनी तबकडी, चार वाजून त्रेचाळीस मिनिटं.