चौदावा कंडेन्सर

"थांबा! लावू नका तो!"

ओरडले तेव्हा माझ्या एका हातात मटारची पिशवी होती. दुसऱ्या हाताने मी एका अनोळखी माणसाच्या हातातली वायर हिसकावून घेतली होती. रामघाटच्या गल्लीत, कुणाच्या तरी ओट्यावर, सकाळी साडेआठ वाजता.

तो बघतच राहिला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, नाकावर घसरलेला चष्मा. समोर लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ, वर बोटभर धूळ. आणि त्या रेडिओला टेकवून उभा केलेला फोन… चालू.

"निम्या, काय झालं? लाव ना पटकन!" फोनमधून एक मुलगी हसत म्हणाली. सुंदर होती. ते मला लगेच दिसलं.

"एक मिनिट हं, अंतरा." मग तो माझ्याकडे वळला. "ही वायर माझी आहे, असं मला वाटतं."

"आणि रेडिओ? किती वर्षं बंद आहे?"

"चाळीस… असतील."

"मग आतले कंडेन्सर सडलेत. सरळ लाइनवर लावला असता तर आधी वास, मग धूर, मग ट्रान्सफॉर्मर खाक. काशीत काय, कुठेच नीट झाला नसता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दूधविनायकला ढुंढिराज रेडिओ म्हणून दुकान आहे. माझ्या बाबांचं."

"म्हणजे दुरुस्ती तुमचे बाबा करतात."

"करायचे. आता त्यांना बारीक दिसत नाही. मी करते. बकुळ."

"निमिष," तो म्हणाला आणि हसला. आधी डोळे हसले, ओठ मागून आले. "मग संध्याकाळी आणू का या रेडिओसाहेबांना तुमच्याकडे?"

मी मान हलवली. घरी पोचेपर्यंत त्याची वायर माझ्याच हातात आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

रेडिओ त्याचा नव्हता, अंतराच्या वडिलांचा होता. त्यांचं बालपण रामघाटलाच गेलं, मग सगळे पुण्याला गेले, घर विकलं. नव्या मालकाने माळा साफ केला तेव्हा रेडिओ निघाला. निमिष बदली होऊन दोन वर्षांपूर्वी इथे आलेला, रामघाटलाच खोली घेऊन राहणारा. अंतरा त्याची कॉलेजातली मैत्रीण. तिच्या वडिलांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती, त्या दिवशी त्यांच्या हातात रेडिओ वाजता द्यायचा, असं दोघांनी ठरवलं होतं.

दोघांनी. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचला.

त्या संध्याकाळी मी रेडिओची मागची पाठ उघडली. मेणाच्या कागदात गुंडाळलेले जुने कंडेन्सर, मेण वितळून खाली ओघळलेलं. मोजले. चौदा.

"सगळे बदलायचे?" निमिषने विचारलं.

"सगळे. एकेक करून. एक काढला की त्याच जागी नवा, मगच दुसरा. घाई केली की वायरी चुकतात."

"मग मी रोज येतो. टॉर्च धरायला."

"टॉर्च धरायला माझ्याकडे स्टँड आहे."

"त्याला बोलता येतं?"

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांना नेमका तेव्हाच ठसका लागला.

तो खरंच रोज आला. बँक सुटली की साडेपाचला. कार्तिक सरत आला होता, हवेत सकाळ-संध्याकाळ धुकं उतरायचं. दोनदा तो मातीच्या कुल्हडात मलइयो घेऊन आला, तो दुधाचा केशरी फेस, जिभेवर ठेवला न ठेवला तोच विरून जाणारा. "बाबांसाठी आणलाय," म्हणायचा. कुल्हड मात्र तीन असायचे.

मी त्याला शिकवलं. मीटर कसं धरायचं. आधी रेडिओला बल्बच्या सिरीजमध्ये लावायचं… बल्ब भक्कन पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद राहिला तर सगळं ठीक.

"मतलब, बल्ब आपल्याआधी मार खातो," मी म्हटलं.

"तुमच्या मराठीला गंगेचं पाणी लागलंय."

"आणि तुमच्या मराठीला पुण्याचं. त्यापेक्षा बरं."

तो एवढा हसला की टॉर्च हलली. आणि मग… फोन वाजला. पडद्यावर नाव – अंतरा.

रोज वाजायचा. तो उठून गल्लीत जायचा, भिंतीला टेकून बोलायचा. त्याचं हसू आत ऐकू यायचं, शब्द नाही. शब्द ऐकू आले असते तर परवडलं असतं.

"काय करतात त्या?" एकदा मी विचारलं. अगदी सहज. मान वर न करता.

"अंतरा? शाळा चालवते लहान मुलांची. भन्नाट आहे ती. कॉलेजात असताना तिच्यामागे अख्खा वर्ग होता."

"तुम्हीही?"

त्याने टॉर्च खाली ठेवली. मग म्हणाला, "मीही."

सोल्डरिंगची कांडी माझ्या बोटाला लागली. बोट भाजलं. बोटच भाजलं, असं मी बाबांना सांगितलं.

त्या दिवसानंतर मी वाईटच वागले. तिचे फोटो शोधून पाहिले, सगळे, पाच वर्षांपूर्वीपर्यंतचे. एका फोटोत ती सिंहगडावर, शेजारी निमिष, त्याच्या खांद्यावर तिचं कोपर. तो फोटो मी चारदा पाहिला. पाचव्यांदा पाहिला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली… आणि तरी सहाव्यांदा पाहिला.

अंतरा शनिवारी आली. पहाटे उतरली आणि दुपारी दोनला निमिषबरोबर दुकानात हजर. तेरा कंडेन्सर बदलून झाले होते. चौदावा, शेवटचा, माझ्या चिमटीत होता.

ती फोटोतल्याहून छान होती. वर बोलकी, मोकळी, आल्या आल्या बाबांच्या पाया पडणारी. तिचा राग करायला जागाच नव्हती, त्यामुळे मला जास्तच राग आला.

"तू बकुळ! किती ऐकलंय तुझ्याबद्दल! बाबा रडणार आहेत गं, रेडिओ वाजला की." तेवढ्यात तिचं लक्ष निमिषच्या ओठावरच्या केशरी फेसाकडे गेलं. येताना दोघं मलइयो खाऊन आले होते वाटतं. तिने अंगठ्याने तो फेस पुसला, जसा आपल्याच माणसाचा पुसतात. "अजून तस्साच आहेस तू, निम्या. बरं, उद्या सकाळची गाडी आहे आमची."

"तुमची?" मी विचारलं.

"दोघांची. हा पण येतोय पुण्याला."

"म्हणजे मी फक्त…" निमिष काही बोलू पाहत होता. मी ऐकलं नाही. चिमटीतला नवा कंडेन्सर डबीत ठेवला, पाठ बसवली आणि स्क्रू आवळायला लागले.

"चौदावा बदलला?" निमिषने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

रेडिओ लावला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, खरखर झाली, मग कुठल्या तरी दूरच्या स्टेशनवरचा बासरीचा सूर दुकानभर पसरला. अंतराने टाळ्या वाजवल्या. निमिष मात्र रेडिओकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी मान फिरवली. ते दोघं रेडिओ चादरीत गुंडाळून घेऊन गेले.

बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग काढलेल्या जुन्या कंडेन्सरचा डबा त्यांनी मांडीवर ओढला आणि बोटांनी चाचपत एकेक बाजूला ठेवू लागले.

"तेराच आहेत, बकुळ."

मी झाडू हातात घेतला. उगाच.

"कुठला राहिला? आउटपुट व्हॉल्व्हच्या आधीचा?"

"…हो."

"तो तर सगळ्यात नालायक. बाकीचे कंडेन्सर आपले आपण मरतात. हा दुसऱ्याला मारतो. आज बरा वाजेल, उद्या वाजेल… आणि एक दिवस व्हॉल्व्ह लाल होऊन ट्रान्सफॉर्मरसकट जाईल. हे मी तुला शिकवलंय."

"माहीत आहे."

"पोरगी हसते छान," बाबा म्हणाले.

"हो."

"पण रेडिओ तिच्या वडिलांचा आहे ना गं?"

ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते ओरडले नाहीत. मी कांडी, टाक्याची कथलाची तार आणि तो नवा कंडेन्सर पिशवीत टाकला आणि निघाले.

शिंदे घाटावर पाहुण्यांच्या घरात अंतरा उतरली होती. मी घाटांवरूनच गेले, जवळजवळ धावत. चारचं कोवळं ऊन होतं. नदीवर परदेशी पांढरे पक्षी आले होते, नावाड्यांनी शेव टाकली की थव्याने खाली झेपावत होते. एरवी मी थांबले असते. पायऱ्या चढून वर पोचले तेव्हा दारातूनच रेडिओ ऐकू आला.

अंतरा एकटीच होती. फोन रेडिओसमोर धरलेला. "बाबांना ऐकवतेय," ती कुजबुजली.

"बंद करा तो. प्लीज. मी… खोटं बोलले."

तिने फोन ठेवला, रेडिओ बंद केला. मी सगळं सांगितलं. एक कंडेन्सर जुनाच राहिलाय. चुकून नाही, मुद्दाम. रेडिओ महिन्याभरात जळाला असता.

तिचा चेहरा उतरला. हसू गेलं आणि एक वेगळीच बाई समोर आली. "माझे बाबा कालपासून जेवले नाहीयेत धड, आनंदाने. आणि तू…"

"हो."

"का?"

"आधी बदलू दे. मग सांगते."

मी खाली बसले, पाठ उघडली. जुना काढला. नवा बसवला. टाका चकाकला आणि गार झाला. ती शेजारी उभी राहून बघत होती. जाऊ दे, म्हणाली नाही. म्हणू नये असंच होतं.

"झालं," मी म्हटलं. "आता वीस वर्षं बघायला नको."

"आता सांग."

"तुम्ही त्यांच्या ओठावरचा फेस पुसलात," मी म्हणाले. बस, एवढंच तोंडातून निघालं. मांडीवरच्या हातांकडे बघत मी बसून राहिले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अंतरा खुर्चीवर बसली.

"पाच वर्षांपूर्वी निम्याने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. आता इथे येताना… खरं सांगू? गाडीत वाटत होतं, चुकलं का आपलं? म्हणून तर तो फेस पुसला मी. बघावं म्हटलं, अजून काही होतं का त्याला." ती थोडंसं हसली, कडवट. "काही झालं नाही. महिनाभर त्याने फोनवर मला काय सांगितलं माहितीये? आज बकुळने हे बदललं, आज बकुळ असं म्हणाली. माझ्या बाबांच्या रेडिओबद्दल विचारलं की उत्तर तुझ्याबद्दल. तू एकटीच जळत नव्हतीस गं."

जिन्यावर पावलं वाजली. निमिष आला, हातात मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि फोम. उघडा रेडिओ, रडलेली मी, गंभीर अंतरा बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"काय झालं?"

अंतरा उठली. "ती सांगेल. मी चहाचं बघते." जाताना मला म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे हं. उद्यापर्यंत राहीन."

मी निमिषला सांगितलं. तो खोका खाली ठेवून ऐकत होता. "मी विचारलं होतं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात."

"हो. मी आजवर कुणाच्या कामात लबाडी केली नव्हती. तुमच्यामुळे केली. मतलब… तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. मला वाटलं तुम्ही दोघं…" मी श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता. फार. आता तुम्हाला माझा राग येणार असेल तर येऊ दे, मी समजू शकते."

तो खिडकीशी गेला. खाली नदी, नावा, कुणाची तरी आरोळी. एवढा वेळ मी आयुष्यात कधी कुणाची वाट पाहिली नव्हती.

"राग आलाय," तो वळून म्हणाला. "पण त्याचं काय करू, मला तुम्हाला सोडून पुण्याला जाववत नाहीये. महिनाभर मी त्या स्टँडच्या जागी उभा राहिलो… टॉर्चसाठी वाटलं तुम्हाला?"

मी हसले की रडले, आठवत नाही.

"उद्याचं तिकीट रद्द करतो," तो म्हणाला.

"बिलकुल नाही! रेडिओ सामानात टाकायचा नाही, मांडीवर न्यायचा. अंतराला एकटीला जड होईल. व्हॉल्व्ह काढून रुईत, कापसात गुंडाळा, तिथे गेल्यावर नंबर बघून बसवा, मी शिकवलंय. आणि पहिल्यांदा लावताना…"

"…सिरीजमध्ये बल्ब."

"हां. जा आता."

तो गेला. सोमवारी अंतराने व्हिडिओ पाठवला. सोफ्यावर एक गोरे, वाकलेले गृहस्थ, कान रेडिओच्या जाळीला लावून बसलेले, डोळे मिटलेले. कुणाशी बोलत नाहीत, केक कापायला उठत नाहीत. खाली अंतराने लिहिलं होतं – राग गेला. तुझ्या बाबांना नमस्कार.

गुरुवारी मी एका शाळेचा अॅम्प्लिफायर उघडून बसले होते. दारात सावली पडली. खांद्यावर बॅग, दाढी वाढलेली, चष्म्याच्या काचा धुक्याने ओल्या. रामघाटच्या खोलीवर न जाता तो स्टेशनवरून सरळ इथे आला होता.

त्याने बॅग खाली ठेवली. मी कांडी स्टँडवर ठेवली, आणि पुढे केलेला हात त्याने दोन्ही हातांत धरला. त्याचे हात गारठलेले होते.

"कोण आलंय गं?" कोपऱ्यातून बाबांनी विचारलं. "गिऱ्हाईक आहे का?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "निमिष आलाय."