आठ दिवस ऐकून बघा

पूर्णिमा खरं तर मिक्सरचं भांडं घ्यायला बाहेर पडली होती. शेजारच्या दुकानात कुणीतरी सनई लावली होती... आणि बाईसाहेब भांडं विसरून तिकडंच वळल्या. काउंटरमागच्या उंच, सावळ्या पोरानं मान वर केली, हसला आणि म्हणाला, "आत या की. हे संपलं की बोलू."

एवढंच. पण एवढ्यावर आमची पूर्णिमा गारद!

तो कृष्णात. स्पीकरचं ते दुकान त्याचंच. अमुक घ्या असं तो गिऱ्हाइकाला कधी सांगायचा नाही. दोन जोड्या घरी आणून लावायचा आणि आठ दिवस ऐकायला ठेवायचा. तशा त्या कसबा बावड्यात पूर्णिमाच्या नव्या फ्लॅटमध्येही आल्या. एक बुटकी, काळी, स्टुडिओत गाणं तपासायला ठेवतात तसली. ॲम्प्लिफायर तिच्या पोटातच. ही आहे तसं ऐकवते, चूक असली तर चूकसुद्धा, असं तो म्हणाला. दुसरी कमरेएवढी उंच, लाकडी, शौकिनांची. तिला ॲम्प्लिफायर वेगळा लागायचा, पण तिच्यावर गाणं कसं मखमली लागतं म्हणे.

म्हणे! कारण पूर्णिमाला दोन्ही अगदी सारख्याच वाटत होत्या. पण तसं कबूल केलं तर हा एक जोडी उचलून जाणार, आणि परत कशाला येतोय? म्हणून पहिल्या रविवारी तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, अजून ठरत नाही. मग सोफा हलला. पुढच्या रविवारी पडदे बदलले. त्याच्या पुढच्या रविवारी स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढं आले... काळे जरा कोरडे वाटतात, लाकडी कसे ऊबदार, असलं काहीबाही ती बोलत राहायची. तो फरशीवर मांडी घालून, मान तिरकी करून ऐकायचा. स्पीकर नव्हे, तिला. पूर्णिमाची आई स्वयंपाकघरातून चहात आलं किसता किसता नुसती बघायची.

सहाव्या रविवारी तो आला तो बातमी घेऊनच. जयसिंगपूरच्या एका डॉक्टरांना जोडी हवी होती. इथली जी उरेल ती उद्या सकाळी तिकडं पोचवायची होती. आज ठरवावंच लागेल, म्हणाला. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. पूर्णिमानं आता कितीही थापा मारल्या तरी आणखी एक रविवार मिळणार नव्हता.

"एक सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "मला यातलं काय बी कळत न्हाय. दोन्ही सारख्याच वाटतात... पहिल्या दिवसापासून."

कृष्णातनं कप खाली ठेवला. "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"दुसऱ्या रविवारी त्या मोठ्या लाकडी जोडीचा ॲम्प्लिफायर मी तपासायला परत नेलता. तिसऱ्या रविवारी वाजत होते ते काळेच. मी नुसतं म्हटलं, आता लाकडी लावलेत... आणि तुम्ही दहा मिनिटं त्यांच्या उबेचं कौतुक केलंसा."

पूर्णिमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं तोंडावर ओढणी घेतली. मग आतून हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"आणि तरी येत राहिलासा?"

"यायचंच होतं की मला."

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की तिचं हसू थांबलंच. डोळे पुसत तिनं विचारलं, मग आता यातले ठेवू तरी कुठले? कृष्णातनं लाकडी जोडीकडं बोट केलं.

"मोठे ठेवा," तो म्हणाला. "काळ्यांपुढं एकट्या माणसानं बरोबर मधी बसायचं असतंय. ह्यांच्यापुढं... शेजारी आणखी कोण बसलं तरी चालतंय."

"शेजारी कोण बसणार हाय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही म्हणालासा तर... मी. जन्मभर."

स्वयंपाकघरातला आईच्या किसणीचा आवाज थांबला. पूर्णिमानं सोफ्यावरच्या उशा उचलल्या आणि सरकून जागा केली.

"आईला विचारा," ती हळूच म्हणाली. "मला विचारायचं राहिलंय कुठं आता?"